ड्रॅगनची पिल्लं

आई,

शनिवारी ती माझ्याकडे फुजैराला येऊन गेली. तुझी ती विद्यार्थिनी, जी कॉलेज सुटल्यावर तुझ्या मागोमाग थेट आपल्या स्वयंपाकघरात यायची. आता ती युरोपात गुहेतल्या त्याच प्राण्यावर संशोधन करते. दुबईत तिची कॉन्फरन्स होती, एक दिवस मोकळा मिळाला म्हणून बसनं आली. फोनवर मी "ये ना, नक्की ये" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर पडदे धुवायला काढले. माझं घर तिला चांगलं दिसावं असं फार वाटत होतं. मी इथल्या ऑइल टर्मिनलच्या लॅबमध्ये सॅम्पल तपासते, यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिच्यासमोर ते सांगताना आवाज बारीक झालाच.

आपलं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू ओट्यापाशी घावणे घालते आहेस, ती पाटावर बसली आहे, आणि तू तिला त्या फिकट, आंधळ्या, पालीसारख्या प्राण्याबद्दल सांगते आहेस. मी बारावीचा निकाल घेऊन दारात उभी आहे. केमिस्ट्रीत कॉलेजात पहिली आले आहे. "थांब जरा," तू म्हणतेस, "महत्त्वाचं चाललंय." मी थांबले नाही. आतल्या खोलीत जाऊन बसले, आणि पुढे त्या प्राण्याबद्दल तुला कधी एक शब्द विचारला नाही. एवढ्या मोठ्या मुलीनं बेडकाच्या कुठल्या तरी लांबच्या भावाचा मत्सर करावा, हे हसण्यासारखंच.

शनिवारी जेवताना माझ्या लेकीनं तिला विचारलं, मावशी, तू नक्की काय करतेस, आणि ती सांगू लागली. पूर आला की डोंगरातल्या झऱ्यांतून हे प्राणी वाहत बाहेर यायचे. गावकऱ्यांना वाटायचं, आत ड्रॅगन राहतो आणि ही त्याची पिल्लं. मग ते शास्त्रज्ञांच्या हाती लागले, तर त्यांच्यात वाद. कल्ले बाहेर लोंबताहेत म्हणजे हे पिल्लूच असणार, मग याचा मोठा कुठे आहे? किती जणांनी तो मोठा शोधला. तो नव्हताच. हा जन्मभर पिल्लाच्याच रूपात राहतो. लोकांनी तळघरात, गुहेत पाळून पाहिले, तो अंडी कधी घालतो म्हणून अंधारात वाट पाहिली. आणि डोळे? ते सुरुवातीला असतात, मग त्यांच्यावर कातडी चढते. लेक जेवायची विसरली. "मम्मा, हाऊ कम यू नेव्हर टोल्ड मी?" मी भात आणायला उठले. तुझे हातवारे होते तिच्याकडे, आई. "पण मग" म्हणून मध्येच थांबायची तुझी ढबसुद्धा. ते सगळं माझ्या वाट्याला यायला हवं होतं. आता माझी लेकही तिच्याकडे तशीच बघत होती, जशी ती तुझ्याकडे बघायची.

संध्याकाळी तिला बसपाशी सोडायला गेले, तेव्हा गाडीत विचारलंच, आई माझ्याबद्दल काही बोलायची का. तिनं थोडा विचार केला. खोटं बोलणं तिला तेव्हाही जमत नव्हतं.

"नाही गं," ती म्हणाली. "बाई विषय सोडून काहीच बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, मी गेले की तुम्ही दोघी बोलत बसत असाल. एसटीत बसले की जीव जळायचा माझा."

ती गेल्यावर आपण काय करायचो, ते मला चांगलं आठवतं. तू पेपर तपासायला घ्यायचीस आणि मी पानं मांडायचे. बस समोर उभी होती. तिला तेवढं सांगितलं असतं तर कदाचित आम्हा दोघींना हसू आलं असतं.

"हो," मी म्हटलं, "खूप बोलायचो आम्ही."

तिचा चेहरा उतरला. ती बॅग उचलून बसकडे गेली. तू आता नाहीस, हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुला सांगते, मला बरं वाटलं.