रिकाम्या हाताने ये

३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बाइंडिंगच्या दुकानावरची ही खोली मला अजून स्वप्नासारखी वाटते. आत्याने दिलेले निळे पडदे लावल्यापासून तर दुपारी पाण्याखाली बसल्यागत होतं. खालून खळीचा वास येतो आणि डोळे मिटतात.

आत्या फारच करते गं. घड्याळ झालं, शाल झाली, पडदे झाले. आता तिच्या घरी माझ्या मापाचं कामाचं टेबल करून ठेवलंय. एवढं केलंय, तर परत राहायला ये, असं लिहिलंय. आईमागे तिनेच आपल्याला वाढवलं, त्यामुळे नाही म्हणताना जीभ जड होते. गेले तर ही खोली सुटेल, न गेले तर मी कृतघ्न. रडूच येतं. काय करू?

तुझी,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग हसू गेलं. मी नर्सिंगला निघाले तेव्हा तिने मला व्हायोलिन आणून दिलं होतं. वर्षभर मी ते कुरकुरवत बसले आणि प्रवेश हुकला.

पुस्तक शिवण्याआधी तू पानांच्या घड्यांचे फर्मे क्रमाने लावून बघतेस ना? तशा या वस्तू मांड. कुठली कधी आली आणि त्याआधी तू तिला काय म्हणाली होतीस, ते चिठ्ठीवर लिही. भांडू नकोस, ती वाईट नाही. पण मन मारूनही राहू नकोस.

माया आहेच, पत्र टाक.

ताई

१६ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मांडलं. प्रत्येक वस्तू मी कशाला तरी नाही म्हटल्यावर दोन दिवसांत आलेली. पडदे तर ही खोली घेतल्याचं सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी. खूप राग आला, मग तिची कीव आली.

सगळं परत पाठवलं, पडदेसुद्धा. कळवलं की टेबल नको, राहायलाही येणार नाही. पण दर रविवारी माझ्याकडे जेवायला ये, आणि रिकाम्या हाताने ये.

तीन रविवार तिचं ताट तसंच राहिलं. काल आली. खोलीभर ऊन होतं आणि ती दारातच थबकली. हातांचं काय करावं तिला कळेना, बोटं गुंतवायची, सोडवायची. जेवल्यावर खिडकीशी जाऊन बसली. मग हळूच म्हणाली की हातात काही नसलं तर आपल्याला दार कोण उघडणार, असं तिला आयुष्यभर वाटत आलंय.

तुझा लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवून पाठवू नकोस.

धाकटी