लॉग कोरा, खडूच्या रेघा चार

मंगळ., ११ नोव्हें.
सकाळीच विणकर सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन. 'सूत न्यायला या' हे निरोप वडगावात कुणाच्याच मोबाइलवर गेले नाहीत. शुक्रवारपासून माग बंद. त्यांची वेबसेवा मी लिहिलेली, म्हणून मला. निरोपाचं बटण दाबलं की आपोआप नोंद होते, तो लॉग उघडला. शुक्रवारपासून कोरा.
"म्हंजे हापिसातल्या शांताक्कानं बटणच दाबलं न्हाय?"
"नसेल दाबलं," म्हटलं. हातात चहा होता, विचारही केला नाही.

बुध., १२
शहापूरला, सोसायटीत. शांताक्का वीस वर्षं मागावर होती, आता इथं संगणकावर याद्या भरते. सोमवारी बैठक, तिला काढायचं घाटतंय. माझ्याशी धड बोलेना. मग कपाटाचं दार उघडून दाखवलं. आतून खडूच्या रेघा. साडी उतरली की एक रेघ, ही मागावरची सवय. आता यादी पाठवली की एक. शुक्रवारपासून चार.
"तुझं मशीन लिवत न्हाय म्हनून मी केलंच न्हाय व्हय गं?"
सेक्रेटरी म्हणे, खडूला कोण विचारतंय.

गुरु., १३
सापडलं. माझंच.
गेल्या गुरुवारी सर्व्हर बदलला. तपासताना सेवा माझ्या लॉगिनवर चालवली, लॉग मस्त लिहिला गेला. मग ती सर्व्हरवरच्या तिच्यासाठीच्या वेगळ्या खात्यावर सुरू केली आणि घरची, काकतीची बस पकडली. त्या खात्याला लॉगच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगीच नाही. बटण दाबलं की पान 'झालं' म्हणतं. पानामागचा थ्रेड, म्हणजे खरं काम करणारा धागा, आधी लॉग लिहायला जातो, अडतो, तिथंच मरतो. निरोप जायचे राहतात. एरर कुणाला दाखवू नको, हेही मीच लिहिलेलं. शहाणी.

शुक्र., १४
परवानगी दिली. एक टिक, बस. निरोप गेले, लॉग भराभर लिहितोय. मागचे दिवस मात्र कोरेच राहणार.
आमच्या कंपनीच्या सरांना सांगितलं. "आता चालतंय न्हवं? मग गप बस. कंत्राट जाईल."

रवि., १६
काकती, घरी. एका जागी बसवेना. आई म्हणाली, "काय हुडकतीयास गं घरभर?" काही नाही.
सोसायटीला द्यायचा अर्ज तीनदा लिहिला. पहिल्या दोनांत 'तांत्रिक अडचण'. तिसऱ्यात 'माझी चूक'. नोकरी गेली तर आईला काय…

सोम., १७
तिसरा दिला. सेक्रेटरींनी वाचला, घडी घातली. "बाहेर बसा." आत बैठक सुरू.
बाकावर शेजारी शांताक्का. तिला सगळं सांगितलं. परवानगी, थ्रेड, तुमच्या रेघा खऱ्या आहेत. तिनं पदराचा काठ चाचपून सारखा केला.
"सेक्रेटरी सांगत हुते, फोनवर कोन तरी 'नसेल दाबलं' म्हनलं. ती तूच न्हवं?"
"व्हय, आक्का."
ती उठून गेली नाही. दार अजून बंद आहे, इथंच बसून लिहितेय.