आईला उतरवलं तो दिवस

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहितेय. आज मी आईला विमानातून उतरवलं. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

लातुरात नवी विमान कंपनी सुरू झालीय. एकच विमान, नऊ सीटचं, हैदराबादला जाणारं. माझं काम काय, माहीत आहे? वजन करायचं! विमान लहान, म्हणून सामानाबरोबर माणसंही काट्यावर चढवावी लागतात. तुम्ही आडतीवर जन्मभर सोयाबीन तोललंत, मी माणसं तोलते. हसलात ना?

एक कबूल करायचंय. कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'मापाडी' लिहायची मला लाज वाटली. 'व्यापार' लिहिलं. तुम्ही म्हणालात, "वाच बरं एकदा," तेव्हा तेवढी ओळ मी गाळली. तुम्हाला कळलं होतं का हो?

आज पहिलं उड्डाण. एक जाडजूड कंत्राटदार अडून बसले, "मी काय तुरीचं पोतं हाय का?" तुम्ही शेतकऱ्याला आधी रिकामा काटा दाखवायचात. मीही दाखवला, मग स्वतः चढले आणि मोठ्यानं म्हणाले, "अडुसष्ट!" रांगेतली एक आजी म्हणाली, "बाई, चपला तरी काढायच्या!" सगळे हसले. कंत्राटदारही चढले.

सगळे आत बसल्यावर बेरीज केली, तर चाळीस किलो जास्त. आमचे साहेब हळूच म्हणाले, "पहिला दिवस हाय. आकडे जरा कमी लिही. कोण बघतंय?"

नववी सीट कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी ठेवलेली. तिथं आई होती, बेचाळीस किलोची. नवं लुगडं, मांडीवर धपाट्यांची पिशवी. हिला एकदा विमानात बसवायचं, ही तुमचीच इच्छा ना? मी खरे आकडे लिहिले आणि म्हणाले, "आई, उतर."

ती लुगडं सावरत उतरली. विमान उडालं तेव्हा तारेच्या कुंपणाशी उभी होती, पदर डोळ्यांवर धरून. मला वाटलं, रडतेय. जवळ गेले, तर ती विमानाकडं बघतच म्हणाली, "लई माणसं हायेत गं त्याच्यात. नीट जाऊ दे." मग एकदम दचकून, "धपाटे त्या म्हातारीपाशी दिलेत. त्येचं वजन धरलंस का न्हाई?"

अण्णा, तिला विमानात बसवीन, हा माझा शब्द. पण वजन जास्त भरलं, तर पुन्हा उतरवीन. तेव्हाही माझ्या बाजूनं उभे राहा.

तुमची लेक,
रेणुका