गावी येण्याविषयी काही सूचना

मांगोबू,
३ नोव्हेंबर २००३

चि. बाइंदूस,
अ. आ.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. बांजुलला शिवणकामाचं दुकान काढलंस, दोन मशिनी चालतात, हे वाचून ऊर भरून आला. माझ्या एकुलत्या एका शर्टाच्या दोन्ही बाह्या एकमेकींना शिवून टाकणारी तूच ना? आईला पत्र वाचून दाखवलं. म्हणाली, पोरीला म्हणावं जेवत जा.

यायचं म्हणतेस तर ये, घर तुझंच आहे. पण लढाई संपून अजून दोन वर्षंही झाली नाहीत, तेव्हा दादाचं ऐक. विमान लुंगीला उतरतं. तिथून फ्रीटाऊनला फेरीबोट, आणि ती भरली की निघते, वेळेवर नाही. पुढे केनेमापर्यंत पोडापोडाची खचाखच भरलेली भाड्याची गाडी मिळेल. ड्रायव्हरच्या मागची जागा धर आणि बॅग मांडीवर ठेव. नाक्यांवर निळ्या टोप्यांचे परदेशी सैनिक असतात, त्यांच्याशी थट्टा नको. हिवतापाच्या गोळ्या आण, टॉर्चचे सेल आण. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी बसलेल्याला लढाईत कुठे होतास हे विचारायचं नाही. इथे कोणी कोणाला विचारत नाही, म्हणून तर आम्ही सगळे एका विहिरीवर पाणी भरतो.

सध्या केनेमाच्या पुढे नुसता चिखल आहे. जानेवारीनंतर बघू. माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा,
वांडी

बांजुल,
२४ नोव्हेंबर २००३

ती. वांडीदादास,
सा. न. वि. वि.

तुझ्या सूचना दुकानाच्या भिंतीवर टाचल्या आहेत. गिऱ्हाइकं विचारतात, कसली परीक्षा आहे का. चिखलाचं मला सांगू नकोस. मी गिनीच्या निर्वासित छावणीत तीन पावसाळे काढले आहेत, तिथे चिखल ताटात यायचा.

रेडक्रॉसने तुमचा पत्ता शोधून दिला त्याला वर्ष झालं. हे माझं सहावं पत्र. पण आईचं काही कळत नाही. दर पत्रात ती एवढंच म्हणते की जेवत जा. आपली आई? शेजारी मीठ मागायला गेली की तासाभराने मीठ विसरून परत यायची, ती? तिला लिहिता येत नाही हे ठाऊक आहे. निदान तिचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटव. मला तो हवा आहे. ती थकली असेल रे, आणि मला तिला बघायचं आहे, उशीर व्हायच्या आत.

आईला माझं डोकं तिच्या पायावर, आणि तुझा लोभ माझ्या डोक्यावर.

बाइंदू

मांगोबू,
१५ डिसेंबर २००३

चि. बाइंदूस,
अ. आ.

अंगठा सोबत पाठवतो आहे. शाई जरा पसरली, म्हातारीचे हात थरथरतात.

तुझ्या येण्याविषयी वाईट बातमी आहे. आपल्या गावाच्या अलीकडचा पूल खचला, लाकडी ओंडक्यांवरून माणसं जीव मुठीत धरून चालतात. शिवाय केनेमात उंदरांपासून होणाऱ्या तापाची साथ आहे. झाकून न ठेवलेला दाणाही तोंडात घालायचा नाही असं दवाखान्यातली माणसं सांगतात. माझं म्हणणं, येता पावसाळा जाऊ दे, पुढच्या डिसेंबरात ये. तोवर तुझ्या मशिनी तरी कोणाच्या भरवशावर टाकणार?

घाई करू नकोस, रागावू नकोस, माया कमी करू नकोस.

तुझा दादा,
वांडी

बांजुल,
९ जानेवारी २००४

ती. वांडीदादास,
सा. न.

काल बाजारात आपल्या पलीकडच्या घरची काडी दिसली. ती इथे भावाकडे आली आहे. मला बघताच मासळीची टोपली टाकून पळत सुटली. मी धावत जाऊन दंड धरला, तेव्हा तिने माझं तोंड चाचपलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. म्हणाली, बाइंदू, मी तुझ्या मरणाच्या चाळिसाव्याला जेवलेय ग. लाल तेलातला भात होता, कोंबडी होती, सगळा गाव होता. वांडीने स्वतः तुझं नाव घेऊन दारात तांदळाच्या पिठाचं पाणी ओतलं. होडी उलटली आणि तू त्याच्या डोळ्यांदेखत बुडालीस, असं त्यानेच सांगितलं.

दादा, मी त्या होडीत नव्हतेच. मी मोआ नदीच्या काठावर होते, आईचं पातेलं डोक्यावर घेऊन. तुला हाक मारली, हात केला. गडबडीत तू पाहिलं नसशील, असं मी आठ वर्षं स्वतःला सांगत आले.

मी जिवंत आहे हे आईला माहीत आहे का? तेवढंच लिही. आता एकही सूचना नको.

बाइंदू

मांगोबू,
२६ जानेवारी २००४

बाइंदू,

नाही. आईला माहीत नाही. तुझं एकही पत्र मी तिला वाचून दाखवलेलं नाही. तिच्या तोंडचं जे जे लिहिलं, ते माझं होतं. तो अंगठाही माझाच.

मी तुला पाहिलं होतं. होडीत अजून एकाची जागा होती. मागून गोळ्यांचे आवाज जवळ येत होते. नावाड्याने विचारलं, तुमचं कोणी राहिलंय का. मी म्हणालो, कोणी नाही. एका माणसाला चढायला जेवढा वेळ लागतो, तेवढाही माझ्याच्याने थांबवलं नाही. पलीकडच्या काठावर आधीच पोचलेली आई उभी होती. तिला काय सांगणार? बुडाली म्हणालो. प्रेत मिळालं नाही म्हणून तिने वर्षभर चाळिसावा होऊ दिला नाही, रोज विचारायची, नक्की पाहिलंस का. मग मीच घाई केली. गाव जेवला की ती विचारायची थांबेल, असं वाटलं. ती थांबली.

तू जिवंत असल्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी आनंदाने रडलो, हे खोटं नाही. त्याच संध्याकाळी ते छपराच्या गवतात खोचून ठेवलं, हेही खोटं नाही. पूल शाबूत आहे. रस्ता नोव्हेंबरातच सुकला. साथ नाही. शेजारणींनी पत्रांचं विचारलं तर काय, या भीतीने मी टपाल आणायला स्वतः केनेमाला चालत जात होतो. मला माझी इतकी लाज वाटते की आईच्या हातचं जेवताना मान वर होत नाही.

उद्या सकाळी तिला सांगतो. लोभाची मागणी आज करत नाही.

वांडी

मांगोबू,
२ फेब्रुवारी २००४

माझ्या बाइंदूला आईचे पोटभर आशीर्वाद.

शाळेतली सात्ताबाई लिहून घेतेय. मी बोलते तस्संच लिही म्हणून तिला बजावलंय, नाहीतर या मास्तरीण बाया आपलं शहाणपण मधेच घुसडतात.

तू आहेस. तू आहेस ग. सकाळपासून हेच चाललंय माझं, सात्ताबाई म्हणते, मावशी, कागद संपेल.

वांडीने सांगितलं. माझ्यापुढे बसून तुझी सगळी पत्रं वाचली, घसा बसेपर्यंत. मी मारायला हात उचलला. पळाला नाही, मान पुढे करून बसला. मग मारवेना मला. तुला सोडून आला त्यापेक्षा वर्षभर तुला माझ्यापासून लपवलं, ते मला जास्त लागलंय. ते मी त्याला तोंडावर सांगितलं.

गावातली जाणती माणसं जमली होती. जिवंत माणसाचा चाळिसावा जेवल्यावर काय करायचं, ते एकालाही ठाऊक नाही. एक म्हातारा म्हणाला, पुन्हा कोंबडी कापा. मेल्याला कोंबडीच दिसते. शेवटी मीच बोलले. त्या दिवशी जी घरं जेवली, त्या प्रत्येक घराच्या दारात वांडीने जायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं, ती बुडाली नव्हती, मी तिला टाकून आलो. तू येशील त्या दिवशी. एकेक जण जमिनीकडे बघायला लागला. ज्याच्या त्याच्या पोटात काहीतरी आहे ना, लढाईतलं. या गावात आजवर कोणी तोंड उघडलेलं नाही. वांडी हो म्हणाला. चार दिवस अन्नाला शिवला नाहीये.

तेव्हा तू लगेच नीघ. रस्ता कोरडा आहे, काही आणू नकोस. माझे डोळे अजून चांगले आहेत, तुला लांबून ओळखीन.

आता एक मागते, आणि मागताना माझी मान खाली जातेय. तुझ्यापाशी हे मागायचा मला हक्क नाही. छत्तीस घरं आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या दारातूनच तो माघारी फिरेल, मी ओळखते ना त्याला. माझा मुलगा आहे ग तो. तू त्याच्याबरोबर चाल.

तुझी आई