होडीवरचा शेल्या

प्रिय भावेश,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडला, पण इतक्या वर्षांची सवय आहे, राहू दे. तुझी होडी रंगवून झाली. तुझी आई, म्हणजे आपल्या केसरमावशी, बघून गेल्या आणि म्हणाल्या, "बाय, रंग जाम भारी बसलाय. पोरगा खूश होल." त्यांना मी अजून घरचीच वाटते आणि मलाही त्या वाटतात. त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही, सगळा तुझ्यावरच आहे.

आठवतं ना, तू ओटीवर जाळं शिवायचास आणि मी शेजारी बसून मोबाइलवर ती जपानी मालिका बघायचे? मोडक्या छत्र्या दुरुस्त करत गावोगाव फिरणारा एक हडकुळा माणूस आणि त्याच छत्रीने गुंडांना लोळवणारा. आपण त्याला छत्र्या म्हणायचो आणि हिरवा शेला पांघरणाऱ्या त्याच्या जिवलग दोस्ताला शेल्या. वर्षानुवर्षं चाललेली मालिका, भाग पाचशेच्या वर, आणि तू पाचव्या मिनिटाला पेंगायचास. खालची अक्षरं वाचायचा तुला कंटाळा. मग मीच सगळं आपल्या थळच्या बोलीत, हातवारे करून सांगायचे. होड्या रंगवायचा ब्रश हातातच असायचा, त्याचा रंग तुझ्या जाळ्यावर उडायचा आणि तू पोट धरून हसायचास. तेव्हा तू मला फार आवडायचास, हे आता लपवून काय करू!

मालिकेत चांगलं काय आणि फसलेलं काय, यावर मी किती बडबडायचे! हाणामारीच्या ऐन मध्यावर हसवतात, आणि तरी मार खरा वाटतो. छत्रीची एक काडी मोडली की पुढच्या भागात ती मोडलेलीच असते, फुकटात काही जुळत नाही. पण लांबण किती! एक गुद्दा उगारला की तो बसेपर्यंत माझा अख्खा बांगडा तळून व्हायचा. मेलेला माणूस चार भागांनी चहा प्यायला हजर. सगळे डाव आखणारी ती नकाशेवाली बाई, तिच्या वाट्याला फक्त किंचाळणं. आणि सगळ्यात मोठी खोट म्हणजे प्रत्येक खलनायकाचं दुःखी बालपण दाखवायचं, की छत्र्या विरघळला आणि त्याला जेवायला बसवून मोकळा झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

हे सगळं लोकांना ऐकवायचं, आपल्या दोघांचं चॅनल काढायचं, असं मीच सुचवलं होतं. तू म्हणालास, "पोरीच्या तोंडची मारामारी कोन आयकनार?" मग तू नागावला बोटिंगच्या कामाला गेलास, फोन कमी झाले, नंतर बंदच. एक दिवस बाजारात माझ्या मैत्रिणीच्या, प्रणालीच्या मोबाइलमधून तुझा आवाज आला. काडीची गोष्ट, मेलेल्याचा चहा, तळलेला बांगडा, नकाशेवालीचं किंचाळणं, सगळं माझं. माझ्या थांबण्याच्या जागासुद्धा उचलल्यास. बायकांच्या बाजूने बोलतो म्हणून लोक तुझं कौतुक करत होते. प्रणाली हसत होती, आणि मला त्या मोबाइलला मासे कापायची कोयती फेकून मारावीशी वाटली. माझं नाव कुठे म्हणजे कुठेच नव्हतं. मी फोन केला तर म्हणालास, "तू बोललीस, मी क्येलं. करनाऱ्याचं नाव होतं."

आणि मग या पावसाळ्यात तुझा निरोप आला. होडी रंगव, तिच्या पुढच्या तोंडावर शेल्या काढ, मोठा, हसरा. नारळी पौर्णिमेला चॅनलवर थेट दाखवणार, चाहते येणार. दुसरी असती तर तोंडावर नाही म्हणाली असती. मी विचारलं, शेल्याच का? म्हणालास, दोस्तीचं प्रतीक आहे. मला हसू आवरेना. मी लगेच कामाला लागले.

भावेश, तुला शेल्या ठाऊक आहे तो मी सांगितला तेवढाच. त्यापुढे तू बघितलंच नाहीस, कारण सांगायला मी नव्हते. नवे भाग नुकतेच आले. त्यात शेल्याने छत्र्याचे सगळे डाव चोरले, शेजारच्या गावात स्वतःच्या नावाची तालीम उघडली आणि गुरू म्हणून मिरवतो. मालिका बघणारं पोर न् पोर सध्या त्याच्या नावाने बोटं मोडतंय. तू तोच चेहरा मागितलास. मी कणभरही बदल केला नाही. शेला हिरवागार, हसू अगदी तुझ्यासारखं.

हे पत्र मावशींकडे ठेवलंय, नारळ सोडून झाल्यावर तुला द्यायचं असं सांगून. तोवर कॅमेऱ्यासमोर तुझं दोस्तीवरचं भाषण झालेलं असेल आणि लोकांच्या प्रतिक्रिया तू वाचत असशील. आता रंग खरवडायला धावू नकोस. पूजा झालेल्या होडीच्या तोंडाला पुढच्या पावसाळ्यापर्यंत हत्यार लावायचं नाही, हा तुमच्या घरचा नेम आहे आणि मावशी तो मोडू देणार नाहीत. तुझं दुःखी बालपण मला पाठ आहे, ते सांगायलाही येऊ नकोस, मी जेवायला वाढणार नाही. एवढं सगळं लिहिलं ते एकाच गोष्टीसाठी. शेल्याच्या हनुवटीखाली बघ. आजवर इतक्या होड्या रंगवल्या, कधी सही केली नाही. या वेळी हातभर उंच, पांढऱ्या रंगात केली आहे. वर्षभर तुझ्या प्रत्येक व्हिडिओत ती दिसेल.

तुझीच, आणि आता सगळ्यांना वाचता येईल अशी,
क्रांती