सरदारचे मागचे पाय

प्रिय चिमणे,

आपला कापडी घोडा सरदार पुन्हा एकसंध झाला. ही बातमी आधीच देऊन टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र तू निवांत वाचशील. पोटावरची शिवण तुझ्या आईने घातली, चांगली दुहेरी, आणि वर दम दिला की पुन्हा भांडलात तर दोघांनाही आत कोंबून शिवून टाकीन. ती शिवत असताना टोपीकाका दोरा ओवून देत होता आणि मी चहा करत होतो. आता हसतेस ना? हस. अर्धा घोडा बघायला मी घरी येणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हा मला राग आला होता, पण मुद्दा बिनतोड होता.

माझं आणि टोपीकाकाचं प्रकरण कोर्टात गेलं इथवर तुला ठाऊक आहे. घोडा कुणाचा, एवढाच वाद. मुलांच्या नाटकांत आम्ही दोघांनी मिळून तो इतकी वर्षं नाचवला, तो पुढचे पाय आणि डोकं, मी मागचे पाय आणि शेपूट. भांडण झालं त्या दिवशी पोटाची शिवण उसवून जो तो आपापला अर्धा घेऊन घरी गेला. माझे वकील म्हणायचे, केस आपलीच आहे. त्याचे वकीलही त्याला अगदी हेच सांगत होते म्हणे. पण न्यायाधीशांनी पहिल्याच तारखेला सुचवलं की खटला उभा राहण्याआधी एकदा तटस्थ मूल्यमापन करून घ्या. मला वाटलं, कुणीतरी येऊन घोड्याची किंमत करणार. तसं नव्हतं. दोन्ही बाजूंशी काही देणंघेणं नसलेल्या जाणत्या माणसापुढे आपापलं म्हणणं थोडक्यात मांडायचं, आणि हे कोर्टात कितपत टिकेल ते त्याने तोंडावर सांगायचं. पटलं तर मिटवा, नाही तर कोर्ट आहेच.

आमच्या वाट्याला निवृत्त न्यायाधीश बाई आल्या. छोटी खोली, गोल टेबल, पाण्याचा जग. त्यांनी निरोप धाडला होता की घोडा घेऊन या, त्यामुळे टेबलाच्या एका टोकाला सरदारचं डोकं आणि दुसऱ्या टोकाला ढुंगण, आणि मधे दोन वकील गंभीर चेहऱ्याने बसलेले. माझ्या वकिलांनी सांगितलं की वेताचा सांगाडा मी वळवला, कापड मी चढवलं, घोडा राहायचाही आपल्याच माळ्यावर. त्याच्या वकिलांनी सांगितलं की कागदाच्या लगद्याचं डोकं त्याचं, नाव त्याने ठेवलं, लोक ओळखतात ते डोक्यामुळे. हे मला चांगलंच झोंबलं.

बाई शेजारच्या खोलीत जाऊन टिपणं काढून आल्या आणि दोघांनाही सारखंच सोलून काढलं. सांगाडा तुमचा असेल, पण डोक्याशिवाय तो टोपली आहे, हे मला. डोकं तुमचं असेल, पण ते चालत नाही, हे त्याला. मग म्हणाल्या, कोर्ट बहुधा घोडा दोघांचा सामाईक धरेल, आणि वाटून देता येत नाही म्हणून विकायला लावेल. कुणीही तिसरा घेऊन जाईल.

“विकायचा नाही,” आम्ही दोघं एकदमच बोललो. कित्येक महिन्यांत आमचं एकमत झालं ते हे पहिलं.

बाईंनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “तुम्हाला घोडा हवाय, की डोकं?”

चिमणे, बाईंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. सगळं आयुष्य मी त्या घोड्यात वाकून काढलं आणि दिसला काय, तर टोपीकाकाच्या कमरेचा पट्टा. टाळ्या नुसत्या ऐकल्या. हे मी तिथे बोलून टाकलं, वकिलांसमोर. टोपीकाकाने डोक्याच्या आयाळीवरून हात फिरवला. मग म्हणाला, “अरे, मग सांगायचं ना. मला वाटायचं तुला मागेच आवडतं.” मला हसूच फुटलं, आणि मग त्यालाही. तिथेच वकिलांनी करार लिहिला. घोडा दोघांचा, आणि एका प्रयोगाला तो पुढे, तर दुसऱ्याला मी.

काल तालमीत मी पहिल्यांदा पुढे होतो. घोड्याच्या पापण्या मिटवायची दोरी ओढायला विसरलो, दारावर आपटलो, पण शेजारची पोरं बघायला आली होती आणि त्यांचे चेहरे मला दिसले गं! किती आनंद झाला ते लिहून सांगता येत नाही. मागून टोपीकाका कण्हत होता की हळू चाल, आणि इथे श्वास तरी कसा घेतोस रे.

रविवारी वाचनालयाच्या सभागृहात प्रयोग आहे आणि मी पुढे आहे. तू ये. तू लहान होतीस तेव्हा सगळी पोरं डोक्याकडे बघायची आणि तू एकटी कडेला सरकून मागचे पाय बघत बसायचीस, बाबा तिथे आहे म्हणून. कापडाच्या फटीतून तुझे बूट दिसले की माझं कंबरदुखणं पळायचं. माझ्याकडे बघायला या वेळी पुष्कळ जण असतील. तू तिथेच बस, तुझ्या जुन्या जागी. टोपीकाका पहिल्यांदाच मागे आहे, आणि त्याला तुझे बूट दिसायला हवेत.

तुझाच, या रविवारपुरता पुढचा,
बाबा