मोडक्याचं वारं

असोदे,
चैत्र शुद्ध ५, शके १८५३

तीर्थस्वरूप नाना यांस,

कमलचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सारे खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. देवपुरात काकूंची तब्येत, तुमची नवी तालीम, सगळं ठीक असेलच. इथे कापूस विकून झाला, केळीला पाणी चालू आहे.

अभिमन बरा आहे, असं तुम्हाला चुडामणने कळवलं म्हणे. त्याला काय माहीत? मुक्ताईच्या जत्रेत कुस्ती खेळताना तुमच्या पुतण्याचा पाय गेला, तेव्हापासून तुमच्या इथल्या तालमीतला एकही पठ्ठ्या आमचा उंबरा चढलेला नाही. जखमी पैलवानाला भेटलं की मोडक्याचं वारं लागतं, हंगाम संपेस्तोवर जायचं नाही, हा तुमचाच नियम ना? एका ताटात जेवलेली पोरं दारावरून मान खाली घालून जातात. चुडामण तर परवा मला पाहून दुसऱ्या गल्लीत वळला. एवढ्या छात्या फुगवल्या आणि भितात कशाला, तर वाऱ्याला.

पण खरा घात केला तुमच्या दुसऱ्या नियमाने. पैलवानाने हूं की चूं करायचं नाही. जीवराम हाडवैद्य पाय चाचपून विचारत होता, इथे दुखतं का, इथे दुखतं का. आणि हा घामाने भिजलेला, दात आवळून म्हणे, "मले काही दुखत नही." वैद्याने बिचाऱ्याने पाय मुरगळला समजून आंबेहळदीचा लेप दिला आणि चालायला सांगितलं. मोडक्या पायावर चालला तो, नाना. वस्तादाने शिकवलं तसं चालला.

त्याला पाडणारा भादलीचा रुपचंद तेवढा दर बाजाराला येतो. तो तुमच्या तालमीचा नाही, त्याला वारं लागत नाही. पाय मांडीवर घेऊन बसतो, जत्रेतल्या गमती सांगून हसवतो. एकदा तेल लावताना म्हणाला, "ओरड ना रे, इथं कोन ऐकतं?" आणि अभिमन ओरडला. मी चुलीपुढून धावत आले. रुपचंदने तेव्हाच गाडी जुंपली आणि त्याला जळगावला डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून तो तिथल्या दवाखान्यातच आहे, मी जाऊन येऊन असते.

हाड वाकडं जुळलं आहे. पुन्हा मोडून बसवायचं म्हणतात, नाहीतर जन्माचं लंगडणं. कुस्ती तर गेलीच. ते लिहायला हात होईना, म्हणून कापूस आणि केळी लिहीत बसले.

अभिमन तयार नाही. भूल उतरल्यावर दवाखान्यात चार लोकांत तोंडातून आवाज निघाला तर नानांचं नाव जाईल, म्हणतो. पाय गेला तरी चालेल त्याला. काल माझा हात धरून म्हणाला, "अक्का, मी रडलो हे नानाले सांगू नको." मी शब्द दिला होता. तो मोडून हे लिहिते आहे.

आईवडील गेल्यावर आम्हाला तुम्ही वाढवलंत, हे विसरले असते तर एवढी भांडले नसते. उलट टपाली उपदेश पाठवू नका. डॉक्टर सोमवारपर्यंत थांबणार आहेत. त्याआधी जळगावला या, त्याच्या उशाशी बसा आणि सगळ्यांदेखत सांगा, दुखतं तर ओरड म्हणावं. माझं तो ऐकत नाही.

तुम्ही येईपर्यंत तुमची पुतणी म्हणून सही करवत नाही.

अभिमनची बहीण,
कमल